पुढची सूचना कोण देणार? स्वमग्न व्यक्तीला बालपणापासून प्रौढपणापर्यंत साथ देताना

२२ वर्षांचा एक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, तरुण बाथरूममध्ये उभा आहे. पाणी तयार आहे, साबण समोर आहे आणि अंघोळ कशी करायची हे त्याला पुरते ठाऊक आहे. तरीही तो हात खाली सोडून थांबला आहे, कारण दाराबाहेरून आईचा आवाज अजून आलेला नाही. "आता अंगावर पाणी घे रे" असे शब्द आले की तो पाणी घेतो, "आता साबण" म्हटले की साबण लावतो आणि पुढचा शब्द येईपर्यंत तसाच उभा राहतो. ही आई शिकवण्यात कुठेही कमी पडलेली नाही. पंधरा वर्षे तिने ते शब्द न चुकता, न चिडता उच्चारले आहेत, आणि तो आवाज हा अंघोळीचाच एक भाग आहे असे मुलाने साहजिकच धरले आहे. विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हे दृश्य मी अनेक घरांत निरनिराळ्या रूपांत पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी जीव तुटला आहे, कारण कष्टांत कसूर नव्हती, फक्त ते कष्ट कधी थांबवायचे हे कोणी सांगितलेले नव्हते.

मूल तीन वर्षांचे असताना जी मदत सुरू होते, ती कशी आणि कधी कमी करायची याचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा. काही व्यक्तींना आयुष्यभर चोवीस तास सोबत लागते, आणि अशी सोबत मिळणे हा त्यांचा हक्क आहे. पण आज कोणता सदरा घालायचा, अंगाला कोणी हात लावायचा आणि आता पुरे झाले, हे त्यांनाही सांगता आले पाहिजे. पुढे दिलेल्या सगळ्या पायऱ्या याच एका दिशेने जातात.

शंका येते तेव्हा

नावाने हाक मारल्यावर मूल वळून पाहत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोट दाखवून "ते बघ" असे सुचवत नाही, हवी ती वस्तू मिळवण्यासाठी मोठ्यांचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवते, किंवा आलेले पाच-दहा शब्द दीड-दोन वर्षांच्या सुमारास हळूहळू नाहीसे होतात. यांपैकी काही जाणवले तर "मुलगे उशिराच बोलतात", "याचे काकाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते" अशा दिलाशांवर सहा महिने घालवू नयेत. सर्वांत आधी श्रवण चाचणी करून घ्यावी, कारण ऐकू कमी येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. त्यानंतर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची २० प्रश्नांची एक प्रश्नावली वापरली जाते. ती फक्त चाळणी आहे, तिच्यातून निदान होत नाही. स्वमग्नता दाखवून देणारी कोणतीही रक्ततपासणी किंवा मेंदूचा स्कॅन नाही. मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि पालकांनी सांगितलेला वाढीचा तपशीलवार इतिहास यांवरूनच निदान होते, आणि अनुभवी तज्ज्ञ ते दोन वर्षांच्या सुमारास पुरेशा खात्रीने करू शकतात. वाचा उपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे व हालचाली जमाव्यात यासाठीचा उपचार) सुरू करण्यासाठी अंतिम अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. निदान झालेल्यांत मुलींपेक्षा मुलगे तीन-चार पटींनी अधिक आढळतात, पण अनेक मुली इतरांचे पाहून हसणे, बोलणे, खेळणे हुबेहूब उचलतात आणि त्यामुळे नजरेतून सुटतात. शाळेत शहाण्यासारखी वागणारी मुलगी घरी आल्यावर रोज तासभर रडत असेल, तर तो हट्ट नसून दिवसभराच्या नक्कल करण्याचा शीण असू शकतो.

इथे शब्दाबद्दल थोडेसे. 'ऑटिझम' हा शब्द 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आणि मराठीत त्याचे 'स्वमग्नता' झाले. शब्द सुंदर आहे, पण थोडी फसगत करतो, कारण हे मूल स्वतःतच बुडालेले आहे आणि त्याला माणसे नकोच आहेत असे त्यातून वाटते. माझा अनुभव याच्या उलट आहे. बहुतेकांना माणसे हवी असतात, मात्र माणसांचा गोंगाट, घाई आणि न बोलता गृहीत धरलेले नियम त्यांना झेपत नाहीत. शब्द रुळलेला आहे म्हणून मी तो वापरते.

अहवाल हाती आल्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण शंभर-सव्वाशे जणांमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे, त्यामुळे ही वाट चालणारे आपण एकटे नाही. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केल्यानंतरची काही दशके आईच्या कोरडेपणामुळे मूल असे होते असे मानले गेले, आणि त्या चुकीच्या समजापायी असंख्य आयांनी अपराधाचे ओझे वाहिले. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. लसीकरणाशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता आणि 'द लॅन्सेट' या नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासूनही असा संबंध आढळलेला नाही. लस टाळू नये.

याच काळात घरातले लोक आणि शेजारपाजारचे नाना उपाय सुचवतात. शरीरातून धातू काढण्याच्या नावाखाली दिली जाणारी कीलेशनची औषधे धोकादायक आहेत आणि २००५ मध्ये अमेरिकेत अशा उपचारादरम्यान एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाचा मृत्यू झाला. 'चमत्कारी द्रव' म्हणून विकले जाणारे मिश्रण प्रत्यक्षात ब्लीच असते. "पूर्ण बरा करून देतो" असे वाक्य जिथे ऐकू येईल तिथून पालकांनी तत्काळ उठावे. चांगला थेरपिस्ट पुढील प्रश्नांची सरळ उत्तरे देतो: येत्या तीन महिन्यांत नेमके काय शिकवणार, ते आले हे कशावरून ओळखायचे, मला सत्रात बसता येईल का, आणि मूल रडू लागले तर आपण काय करता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "सवय होईल" एवढेच मिळाले, तर मी त्या ठिकाणी मूल पाठवणार नाही.

आठवड्याचे किती तास थेरपी असावी यावर पालक फार झुरतात. एक सांगते: बाहेरच्या तीन तासांपेक्षा घरातले जेवण, अंघोळ, कपडे, खेळ आणि झोप यांचे तास कितीतरी अधिक असतात, आणि थेरपिस्टने जे दाखवले ते या तासांत उतरले नाही तर ते टिकत नाही. थेरपीच्या खोलीत शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी, दुसऱ्या माणसासोबत आपोआप येत नाही, हे स्वमग्न मुलांच्या शिकण्याचे मोठे वैशिष्ट्य आहे. म्हणून प्रत्येक गोष्ट किमान तीन जागी आणि तीन माणसांसोबत मुद्दाम शिकवावी लागते.

संवाद: सर्वांत आधी 'नको'

मूल बोलेल का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न असा आहे की मुलाला आज, या घडीला, आपले म्हणणे कोणत्या मार्गाने पोहोचवता येते? बोलणे हा त्यातला एक मार्ग आहे. हातवारे, वस्तू, छायाचित्रे, चित्रकार्डे, टॅब्लेटवरचे बोलके ॲप आणि लिहिणे हेही मार्गच आहेत. चित्रकार्ड हातात देऊन वस्तू मागायला शिकवणारी 'पेक्स' ही पद्धत १९८५ पासून वापरात आहे. कार्डे दिली तर मूल बोलण्याचा आळस करेल ही भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही, उलट काही मुलांचे बोलणे त्याने वाढते.

शिकवताना पहिली कार्डे सहसा खाऊची आणि खेळण्याची असतात, ते योग्यच आहे. पण 'नको', 'थांबू या' आणि 'दुखतंय' ही कार्डे पहिल्या दहांत हवीतच. माझ्या वर्गात सात वर्षांची एक मुलगी स्वतःचे मनगट चावत असे. त्वचेवर दातांची अर्धगोल खूण कायमची उमटली होती. पंधरा दिवस नोंदी ठेवल्यावर लक्षात आले की काम लांबले, की तिचा हात तोंडाकडे जातो. तिला 'थांबू या'चे एक कार्ड दिले, त्यावर कोपऱ्यातल्या मऊ गादीचे छायाचित्र होते. पहिल्या दिवशी तिने ते दर दोन-तीन मिनिटांनी आमच्या हातात ठेवले आणि आम्ही प्रत्येक वेळी काम थांबवून तिला गादीवर जाऊ दिले. "मग शिकवायचे कधी?" असे सहकारी विचारत होत्या, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण कार्ड खरेच चालते याची तिला खात्री पटल्यावर ते वापरण्याची गरज आपोआप कमी होत गेली. महिन्याभराने मनगटावरच्या खुणेची कड पुसट दिसू लागली. नकार मान्य होतो हे कळलेले मूल हात उगारण्यापर्यंत क्वचितच पोहोचते, आणि मोठेपणी गैरफायदा घेणाऱ्या माणसाला अडवण्याची त्याची पहिली तयारी हीच असते.

काही सवयी घरातल्या सगळ्यांनी लावून घ्याव्यात. एका वेळी एकच, छोटे आणि ठोस वाक्य बोलावे. बोलून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजावे, कारण ऐकलेले समजून घ्यायला वेळ लागतो आणि मध्येच तेच वाक्य नव्या शब्दांत सांगितले की डोक्यातली जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ऐकलेली वाक्ये मूल जशीच्या तशी म्हणत असेल तर ती अर्थहीन बडबड समजू नये. "तुला पाणी हवं का?" असे मूलच म्हणते तेव्हा त्याला बहुधा पाणी हवे असते. कार्डांचा संच किंवा टॅब्लेट नेहमी मुलाच्या हाताशी असावा. "दंगा केला म्हणून काढून घेतला" असे करणे म्हणजे एखाद्याच्या तोंडाला कुलूप घालण्यासारखे आहे.

एक इशाराही द्यायला हवा. दुसऱ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरांवर बोट नेण्याची एक पद्धत गेल्या शतकाच्या अखेरीस गाजली. नियंत्रित चाचण्यांत ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असल्याचे पुन्हा पुन्हा दिसले. व्यक्तीच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे हा तिच्यावर अन्याय आहे. स्वतःच्या बोटाने, कोणाच्याही स्पर्शाविना टाइप करणे ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे आणि तिला भरपूर प्रोत्साहन द्यावे.

रोजची कामे: शेवटच्या पायरीपासून सुरुवात

आता सुरुवातीच्या अंघोळीकडे येऊ. कोणतेही काम शिकवण्याआधी ते स्वतः एकदा सावकाश करून त्याच्या पायऱ्या कागदावर लिहाव्यात. सदऱ्याचे बटण लावणे हे आपल्याला एकच काम वाटते, पण त्यात काज शोधणे, काठ चिमटीत धरणे, बटण तिरके करणे, अर्धे आत ढकलणे, दुसऱ्या हाताने पलीकडून पकडणे आणि ओढणे अशा सहा हालचाली असतात. पहिल्या पाच आपण कराव्यात आणि फक्त शेवटची ओढण्याची हालचाल मुलाकडे सोपवावी. बटण 'टप्' करून बाहेर येते तेव्हा काम पूर्ण झाल्याचे समाधान त्याच्या बोटांना मिळते. ते जमले की शेवटच्या दोन, मग तीन, असे मागून पुढे यावे. पहिल्या पायरीपासून शिकवले तर मूल थकते आणि शेवट नेहमी दुसऱ्याच्या हातून होतो. मागून शिकवले तर शेवट कायम त्याचा असतो.

मदतीचेही प्रकार असतात, आणि कोणती मदत काढून घेणे सोपे आहे हे ओळखून ती निवडावी. हाताला हात धरून केलेली मदत मनगटावर, मग कोपरावर, मग नुसत्या खांद्याजवळच्या सावलीइतकी पातळ करता येते. चित्रांची पट्टी भिंतीवर राहते आणि माणूस नसतानाही सांगत राहते. तोंडी सूचना मात्र सर्वांत सहज दिली जाते आणि सर्वांत कठीण सुटते. म्हणून स्वतःची कामे शिकवताना मागे उभे राहावे, शक्य तितके गप्प राहावे, आणि मूल अडले तर शब्दांऐवजी चित्राकडे बोट करावे, तेही त्याच्या नजरेआडून. बाथरूममध्ये पाण्यात टिकतील अशा प्लास्टिकच्या आवरणातली आठ चित्रे क्रमाने लावावीत. ज्यांचे मूल आधीच तोंडी सूचनांवर अवलंबून झाले आहे त्यांनीही निराश होऊ नये. आधी प्रत्येक शब्दासोबत चित्र दाखवावे, मग शब्द पुटपुटावा, मग नुसते चित्र दाखवावे आणि शेवटी दाराबाहेर निघून जावे. २२ व्या वर्षीही हे जमते, फक्त महिने लागतात.

काय शिकवायचे हे निवडताना एकच प्रश्न विचारावा: हे याला तिसाव्या वर्षी लागेल का? रंगांची बारा नावे येत असतील पण शौचाला जायचे आहे हे सांगता येत नसेल, तर क्रम उलटा झाला आहे. घरातले एक काम प्रत्येक वयात मुलाच्या नावावर असावे. पाच वर्षांच्या मुलाने चमचे जागेवर ठेवावेत, दहा वर्षांच्याने कपड्यांच्या घड्या घालाव्यात, पंधराव्या वर्षी वॉशिंग मशीन लावावे. त्याच्या घड्या वाकड्या असल्या तर त्या त्याच्या पाठीमागे सरळ करू नयेत.

पोहणेही याच यादीत वर घालावे. स्वमग्न मुले नजर चुकवून निघून जाण्याचे प्रमाण मोठे आहे, त्यांतल्या अनेकांना पाण्याची ओढ असते, आणि अशा प्रसंगी होणाऱ्या मृत्यूंत बुडणे हे प्रमुख कारण आहे. दाराची वरची कडी, हातातल्या पट्ट्यावर फोन क्रमांक आणि पाण्यावर तरंगता येणे या तीन गोष्टींना उशीर करू नये.

त्रास कशाचा होतो ते शोधणे

२०१३ पासून वापरात असलेल्या निदानाच्या अमेरिकी निकषांत, म्हणजे डीएसएम-५ मध्ये, संवेदनांचा वेगळेपणा हा स्वमग्नतेचा भाग म्हणून नोंदला गेला. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची थरथर, कॉलरमागचे लेबल, केसांतला कंगवा यांपैकी काहीही प्रत्यक्ष वेदनेसारखे जाणवू शकते. उलट काहींना भूक, लघवीची भावना किंवा ताप कळतच नाही. वागण्यात अचानक बदल झाला तर शिस्तीचा विचार करण्याआधी दात, कान, पोट आणि बद्धकोष्ठता तपासून घ्यावी. न बोलणाऱ्या मुलाने डोके आपटणे हे कित्येकदा दातदुखीचे एकमेव निवेदन असते.

शारीरिक कारण नसेल तर दोन आठवडे वहीत तीन रकाने भरावेत: त्याआधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. वेळ, जागा आणि माणसेही लिहावीत. कारण बहुधा पहिल्या रकान्यात सापडते. मेल्टडाऊन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणे, सुरू झाल्यावर शिकवण्याची वेळ निघून गेलेली असते. त्या क्षणी बोलणे थांबवावे, बघ्यांना दूर करावे, दिवे मंद करावेत, टोकदार वस्तू बाजूला घ्याव्यात आणि जवळ पण अंगचटीला न येता थांबावे. हात हलवणे, डुलणे, गोल फिरणे या हालचालींनी मूल स्वतःला सावरत असते. त्यांनी इजा होत नसेल तर त्या थांबवू नयेत, मग लोक कितीही वळून पाहोत.

शाळा

शाळा निवडताना निकालाच्या पाटीपेक्षा मधली सुट्टी पाहावी, कारण नियम सर्वांत कमी आणि गोंगाट सर्वांत जास्त तेव्हाच असतो आणि चिडवाचिडवीही तेव्हाच होते. दिवसाचा क्रम चित्रांत किंवा शब्दांत समोर दिसणे, बदलाची आगाऊ सूचना, शांत कोपरा आणि एक विश्वासाचे माणूस, एवढे मिळाले तरी बरेच निभावते. एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलायनात १९७० च्या दशकात उभारलेल्या 'टीच' कार्यक्रमाचा गाभा हाच होता. वर्गातल्या इतर मुलांशीही बोलावे. डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडले की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. स्वमग्न मुलाला इतरांचे मन कळत नाही तसे इतरांनाही त्याचे कळत नाही, आणि जुळवून घेण्याचे सगळे काम एकट्या स्वमग्न मुलावर टाकणे न्यायाचे नाही.

वयात येताना

हा विषय घरोघरी टाळला जातो, आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. सुरुवात आठव्या-नवव्या वर्षी करावी. शरीराच्या प्रत्येक अवयवाचे खरे नाव शिकवावे, कारण लाडाची नावे वापरणाऱ्या मुलाने केलेली तक्रार बाहेरच्या माणसाला समजत नाही. 'खाजगी' आणि 'सर्वांसमोर' हा भेद जागांच्या छायाचित्रांवरून शिकवावा: आपली खोली दार लावून खाजगी, बाथरूम दार लावून खाजगी, बाकी सर्व जागा सर्वांसमोरच्या. हस्तमैथुन ही सामान्य गोष्ट आहे. त्याला ओरडून बंद करण्याऐवजी जागा आणि दार यांचा नियम शांतपणे सांगावा.

मुलींसाठी पॅडचा सराव पाळी येण्याच्या काही महिने आधी सुरू करावा. आधी पॅड हाताळणे, मग अंतर्वस्त्रावर चिकटवणे, मग अर्धा तास वापरणे, आणि रंगीत पाण्याचा डाग दाखवून बदलणे व गुंडाळून टाकणे, असा क्रम ठेवला तर पहिला दिवस भीतीचा ठरत नाही. मुलग्यांना स्वप्नावस्थेबद्दल, म्हणजे झोपेत होणाऱ्या वीर्यस्खलनाबद्दल, आधीच सांगावे आणि दाढीच्या यंत्राच्या आवाजाची व स्पर्शाची सवय काही सेकंदांपासून वाढवत न्यावी.

चार वर्षांचे मूल पाहुण्यांना मिठी मारते तेव्हा सगळे हसतात. तोच मुलगा चोविसाव्या वर्षी अनोळखी स्त्रीला मिठी मारतो तेव्हा पोलिस येतात. नियम वयानुसार बदलतात हे त्याला आपोआप कळणार नाही, म्हणून मोठेपणी चालणारे अभिवादन, म्हणजे हात जोडणे किंवा हात हलवणे, पहिल्यापासूनच शिकवावे. आणि उलट बाजूही तितकीच मोठी आहे: विकासात्मक अक्षमता असलेल्या मुलांवर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो आणि अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच असतो. मोठ्यांचे प्रत्येक म्हणणे मुकाट ऐकण्याचे वळण लावलेले मूल इथे निराधार ठरते. पाया घट्ट हवा तो 'नको'चा.

अपस्माराचे (फिटचे) झटके बालपणाप्रमाणेच किशोरवयातही नव्याने सुरू होऊ शकतात. एकटक शून्यात पाहणे, अचानक पडणे किंवा झोपेतले धक्के दिसले तर मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे.

शाळा संपते त्या दिवसाची तयारी

शाळेचा शेवटचा दिवस हा अनेक घरांत कड्यासारखा असतो. आदल्या दिवसापर्यंत बस, घंटा, डबा, शिक्षक होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही नाही. काही महिन्यांत दिवस-रात्र उलटी होते, वजन वाढते आणि मिळवलेली कौशल्ये गळू लागतात. चौदाव्या वर्षापासून तीन-चार वेगवेगळ्या प्रकारच्या कामांचा थोडा थोडा अनुभव द्यावा: मोजून भरणे, झाडांची निगा, कागदपत्रांची वर्गवारी, संगणकावर नोंदी. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहाव्यात: किती वेळ स्वतःहून टिकला, कशाने त्रास झाला, संपल्यावर चेहरा कसा होता.

नोकरीसाठी मुलाखत ही स्वमग्न व्यक्तीची सर्वांत वाईट परीक्षा आहे, कारण तिच्यात काम सोडून बाकी सगळे तपासले जाते. मालकाला आठवडाभराची प्रत्यक्ष कामाची चाचणी घेण्याची विनंती करावी. लेखी सूचना, ठरलेल्या वेळची विश्रांती, कानांवर हेडफोन आणि अडचण सांगायला एकच नेमलेला सहकारी, एवढ्या सोयींनी बहुतेक गाडी चालते. सोबत जाऊन काम शिकवणाऱ्या जॉब कोचने पहिल्या दिवसापासून आपली जागा सहकाऱ्यांकडे सोपवत जावी. डेन्मार्कमध्ये २००४ साली एका स्वमग्न मुलाच्या वडिलांनी सुरू केलेल्या 'स्पेशालिस्टर्ने' या कंपनीने सॉफ्टवेअर चाचणीसाठी स्वमग्न लोक नेमून चांगला पायंडा पाडला, पण त्यामुळे प्रत्येक स्वमग्न व्यक्ती संगणकात हुशार असते असा नवा गैरसमज नको. दिवसातले दोन तास काम करणारा आणि उरलेला वेळ पोहणे, संगीत व माणसांत घालवणारा तरुणही पूर्ण आयुष्य जगत असतो.

प्रौढपणी निदान होणाऱ्यांना वेगळी साथ लागते. वर्षानुवर्षे इतरांसारखे वागण्याची धडपड करून ते पार थकलेले असतात आणि त्यांच्यात नैराश्य, चिंता व आत्महत्येचे विचार अधिक आढळतात. "तू तर अगदी नॉर्मल दिसतोस" हे वाक्य त्यांना कौतुक म्हणून ऐकवू नये.

प्रौढांच्या आरोग्याकडे दुर्लक्ष होते. वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी आणि दंतवैद्यांची भेट ठरवूनच टाकावी, आणि व्यक्तीचे संवादाचे मार्ग, त्रास देणाऱ्या गोष्टी व वेदना कशी दाखवते हे एका पानावर लिहून दवाखान्यात द्यावे. चालता चालता थिजणे, घास तोंडाशी नेऊन थांबणे, बोलणे बंद होणे असे नव्याने सुरू झाले तर तो आळस मानू नये. कॅटाटोनिया नावाची ही अवस्था उपचारांनी सुधारते, मात्र मानसोपचारतज्ज्ञांना लवकर गाठावे लागते. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्रॅझोल ही औषधे तीव्र चिडचिडीसाठी दिली जातात, स्वमग्नतेसाठी नव्हे. ती चालू असतील तर वजन व साखर तपासत राहावी आणि औषध कधी कमी करायचे हा प्रश्न दर भेटीत विचारावा.

'आमच्यानंतर' हे आत्ताच

कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातला पहिला मुलगा, 'केस १', म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावाचा डोनाल्ड ट्रिपलेट. तीन वर्षांचा असताना त्याला संस्थेत ठेवले होते. सुमारे वर्षभराने आई-वडिलांनी त्याला परत घरी आणले. पुढे तो महाविद्यालयात शिकला, गावातल्या बँकेत त्याने अनेक वर्षे नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने जगभर हिंडला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. कुटुंब सधन होते आणि बँकेशी त्यांचा संबंध होता, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही आई-वडिलांच्या पश्चात तो इतकी वर्षे नीट जगला याचे मोठे कारण म्हणजे सगळे गाव त्याला ओळखत होते आणि जसा आहे तसा धरून होते. पैशांइतकीच ओळखीची माणसेही साठवावी लागतात.

म्हणून विसाव्या वर्षाच्या आत पाच-सहा जणांचे एक वर्तुळ बांधावे: एखादे भावंड, शेजारी, शिक्षक, कामावरचा सहकारी, आई-वडिलांपेक्षा वयाने लहान असलेला स्नेही. भावंडाला गृहीत धरू नये. तुला किती आणि काय करायला आवडेल, हे त्याला मोकळेपणाने विचारावे आणि "नाही" हे उत्तरही प्रेमाने ऐकावे. आई-वडिलांशिवाय राहण्याचा सराव एका रात्रीपासून करावा, मग दोन, मग आठवडा. आई रुग्णालयात गेल्याच्या रात्री पहिल्यांदा परक्या खाटेवर झोपावे लागणे यासारखा आघात नाही, आणि तो टाळता येतो.

पैशांची व्यवस्था आपल्या इथल्या कायद्यानुसार ट्रस्ट किंवा इच्छापत्राच्या रूपात जाणत्या वकिलाकडून करून घ्यावी. कायदेशीर पालकत्व घेण्याआधी एक विचार करावा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातले १२ वे कलम सांगते की अपंग व्यक्ती कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीची आहे आणि निर्णय घेण्यासाठी लागणारी मदत तिला मिळाली पाहिजे. तिच्या वतीने सगळे ठरवून टाकण्याआधी, चित्रे दाखवून, दोन घरे प्रत्यक्ष दाखवून, तिला वेळ देऊन तिची निवड समजून घेता येते का ते पाहावे.

शेवटचे काम एका जाड फाइलचे. औषधे आणि कागदपत्रे त्यात असतातच, पण दुसऱ्याच्या हाती सांभाळ जाईल तेव्हा लागणारी माहिती वेगळीच असते. रात्री दिवा किती मंद ठेवायचा, केस कापताना कोणत्या बाजूने सुरुवात करायची, त्याचे "हो" खरेच हो कधी असते आणि कधी नुसते सुटका करून घेण्यासाठी असते, कोणते गाणे लागले की तो खोलीबाहेर जातो. हे आईला इतके सवयीचे असते की लिहायचे सुचत नाही. म्हणून आठवडाभर कोणा तिसऱ्या माणसाने तिच्यासोबत बसून ते टिपून घ्यावे. फाइल दर वाढदिवसाला पुन्हा वाचावी आणि तिची पहिली चार पाने स्वमग्न व्यक्तीसाठीच राखून ठेवावीत. आपल्या लोकांची, जागांची, आवडीच्या वस्तूंची आणि नको असलेल्या गोष्टींची छायाचित्रे तिने स्वतः निवडून तिथे चिकटवावीत, आणि दर वर्षी जे काढून टाकायचे ते तिनेच काढावे.